देवळासमोर मांडलेलं गाव

गावात तुमचं कोणाशी बोलणं बंद आहे आणि बंद असूनही तुम्ही चोरून कोणाला मदत करता, हे एखाद्या परक्या माणसाने तुमच्या ओटीवर बसून, तुमचाच चहा पीत, गोड हसून विचारलं तर तुम्ही सांगाल का?

लगेच नाही म्हणू नका. यंदाच्या वैशाखात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत बायकांना हे सांगताना मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. त्या भोळ्या नव्हत्या. विचारणारीने त्यांना शब्द दिला होता की नाव कुठेही येणार नाही. नाव खरोखरच कुठेही आलं नाही. तरीही घात झाला. तो कसा झाला हे सांगण्यासाठी हा प्रवास लिहिते आहे. समुद्राचं आणि आंब्यांचं वर्णन पुष्कळांनी केलं आहे. थोडं मीही करीन, कारण दोन्ही मला आवडले. पण ज्यांना तेवढंच हवं असेल त्यांनी दुसरं काही वाचायला घ्यावं.

रत्नागिरी

मी इचलकरंजीची. वडिलांचा छोटा छापखाना आहे. संपाची, मोर्च्यांची, महागाईविरोधाची पत्रकं छापत तो चालला आणि त्याच पत्रकांवर बोट ठेवून मी अक्षरं शिकले. माझी मैत्रीण सुलभा मुंबईच्या एका संशोधन संस्थेत कामाला आहे. तिच्या संस्थेतले एक प्राध्यापक माणसांच्या नात्यांचा अभ्यास करतात. कोण कोणाकडे जातो, अडचणीत कोण कोणाला हाक मारतो, कोण कोणाला टाळतो. या सगळ्याला ते 'माणसांचं जाळं' म्हणतात. घरोघर जाऊन प्रश्न विचारायचं काम सुलभाचं. ती म्हणाली, "ये की. तुला लिहायला काहीतरी मिळेल." मिळालं.

आंबा घाट उतरून एस.टी. खाली आली तशी हवा अंगाला चिकटू लागली. आमच्याकडे उन्हाळा भाजतो, इथे तो शिजवतो. स्टँडवर उतरले तेव्हा माझ्या पोलक्याला पाठ आहे की पाठीला पोलकं हे कळत नव्हतं. जमीन लाल, घरांचे चिरे लाल, रस्त्याची धूळ लाल, आणि दुपारपर्यंत माझी पांढरी साडीही लाल.

सुलभा मिरकरवाड्याजवळ झुलेखाभाभींकडे एका खोलीत राहत होती. भाभींचा नवरा आखातात क्रेन चालवतो. बंदरावरून येणारा मासळीचा वास त्यांच्या घरात पाहुण्यासारखा नाही, घरच्यासारखा वावरतो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला फणस फोडायला बसवलं आणि हाताला तेल लावायचं असतं हे सांगायला विसरल्या. निदान त्या तसं म्हणाल्या. चीक बोटांना असा बसला की रॉकेल लावावं लागलं, आणि भाभी पदर तोंडाला लावून हसत होत्या. "घाटावरची माणसं तुमी. तुमाना ऊस सोलायचा माहीत."

संध्याकाळी शेजारच्या बायका जमल्या. नवऱ्याने पाठवलेली कॅसेट भाभींनी टेपरेकॉर्डरमध्ये घातली. आखातात गेलेली माणसं हल्ली पत्राऐवजी आवाजच पाठवतात. त्यात सगळ्यांसाठी निरोप होते. अमुकच्या भावाला ताप येऊन गेला, तमुकचा मुलगा नव्या कामावर लागला. बायका मान डोलवत ऐकत होत्या. मग आवाज जरा खाली आला, "झुलेखा..." म्हणाला, आणि भाभींनी पटकन बटण दाबून फीत पुढे पळवली.

"अगो, थांब! आता तर रंगात आलं होतं," एक म्हातारी ओरडली.

"तेवढा भाग माझा हाय, खाला. तुमचा संपला," भाभी म्हणाल्या. सगळ्या हसल्या, आणि कोणालाही राग आला नाही.

प्राध्यापक त्याच रात्री भाभींकडे जेवायला होते. तांदळाची भाकरी, बांगड्याचं कालवण, सोलकढी. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माझ्या पोटाला तांदळाची भाकरी म्हणजे ढगाचा तुकडा वाटली. पाच खाल्ल्या. प्राध्यापक रुबाबदार, मऊ बोलणारे, खादीचा झब्बा घालणारे. ते अमेरिकेत काही वर्षं होते. तिथल्या विद्यापीठांत माणसं संगणकावरून एकमेकांना मजकूर पाठवतात, असं त्यांनी सांगितलं. एकाने काही लिहिलं की दूरच्या गावातला दुसरा, कधीही न भेटलेला, त्याला उत्तर देतो. तिथे मैत्र्या होतात, भांडणं होतात, एखाद्याला सगळे मिळून गप्प करतात.

"आणि गंमत म्हणजे," ते म्हणाले, "कोणी कोणाला लिहिलं, कोणी उत्तर दिलं नाही, हे सगळं यंत्रात उरतं. मी त्याच्यावरच काम केलं. माणसाला विचारावंसुद्धा लागत नाही."

"तुम्ही बघताय हे त्यांना माहीत होतं?" मी विचारलं.

"मी मजकूर वाचत नव्हतो. कोण कोणाला लिहितो, एवढंच."

भाभी कालवण वाढता वाढता थांबल्या. "एवढंच कसं, सायेब? कोण कोणाकडे जातो ह्ये कळलं म्हंजे सगळंच कळलं की."

प्राध्यापक मनापासून हसले. भाभींची ती कॅसेट ऐकायला मिळेल का, असंही त्यांनी विचारलं, अभ्यासासाठी. भाभी म्हणाल्या, "तुमच्या बायकोने तुमाना काय लिवलंय ते आधी वाचून दाखवा. मग बगू." पुन्हा सगळे हसले. मीही हसले. जेवण फार चांगलं झालं होतं.

वाडी

वाडीचं नाव मी लिहिणार नाही. रत्नागिरीहून लांज्याच्या दिशेने जाताना एका थांब्यावर उतरायचं आणि चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी उतरून खाली जायचं. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, त्यांच्यावर काजूच्या फांद्या ओणवलेल्या, खाली पिकून पडलेल्या बोंडांचा आंबूस वास. तळाशी व्हाळ, पावसाळ्यात वाहणारा ओढा, उन्हाळ्यात नुसते दगड. मधे देऊळ, देवळासमोर सारवलेलं मोठं अंगण. शाळेला सुट्टी होती म्हणून आमचा मुक्काम शाळेत.

मुंबईचे चाकरमानी सुट्टीवर आले होते. प्रत्येक पडवीत एखादी सुटकेस आणि एखादा चकचकीत पँट घातलेला माणूस होता. वाडीचं राज्य दोन ठिकाणाहून चालतं हे मला इथे कळलं. एक गावकी, जिचे मुख्य मानकरी विठोबादादा, आणि दुसरं त्यांचं मुंबईचं मंडळ. गावकीने इथे जे ठरवलं ते मुंबईच्या खोलीतही लागू होतं.

आमच्या गल्लीत भांडण झालं की ते तीन गल्ल्यांना ऐकू जातं. भांडी आपटतात, आयामाया निघतात, आणि चार दिवसांनी त्याच बायका एकत्र पापड लाटतात. इथे भांडणाला आवाज नसतो. व्हाळाच्या काठी भिकाजींचं घर आहे. त्यांच्या शेतात जाणाऱ्या वाटेवरून वाद झाला, गावकीने निवाडा दिला, भिकाजींना तो पटला नाही आणि ते कोर्टात गेले. गावकीला डावलून कोर्टात गेले म्हणून त्यांचं घर वाळीत टाकलं. त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांना विहिरीवर येऊ द्यायचं नाही, लावणीला त्यांच्याकडे कोणी जायचं नाही, शिमग्यात पालखी त्यांच्या दारावरून थेट पुढे. मुलगा मुंबईत गोदीत आहे, त्याचं बिऱ्हाडही गाववाल्यांच्या खोलीतून बाहेर काढलं. घरात भिकाजी, त्यांची बायको भागीरथीआक्का आणि सून सुमन. सुमनचे दिवस भरत आले होते.

सुलभाचे प्रश्न साधे होते. विरजण कोणाकडून आणता? आजारी पडलात तर कोणाला हाक मारता? बाळंतपणाला कोण येतं? कोणाशी बोलत नाही? बायका आधी लाजायच्या, मग खुलायच्या. सुलभाचा चेहराच तसा आहे, समोरच्याला तिला सगळं सांगावंसं वाटतं. आणि ती प्रत्येकीला म्हणायची, "नाव लिहीत नाही, बघा. फक्त घराचा नंबर."

मग एकेकीकडून भिकाजींच्या घराचा विषय निघू लागला. एक बाई रोज सकाळी विरजणाची वाटी करवंटीखाली झाकून गडग्यावर ठेवते. "मी द्येत नाय काय, मी नुसती ठेवतंय. कोन न्हेतो ता मी बगत नाय." एक म्हातारबा बातम्यांच्या वेळी रेडिओ मुद्दाम व्हाळाच्या बाजूच्या खिडकीत ठेवून मोठ्याने लावतात. एक जण पहाटे आपला पोहरा विहिरीवर विसरतो, भरलेला. यातल्या प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच हे करतो. आपल्या घरातल्या माणसालाही यांनी सांगितलेलं नव्हतं.

आणि पार्वतीकाकी. ती वाडीची सुईण. वाडीतलं निम्मं माणूस तिच्या हातावर जन्मलेलं. तोंड असं की समोरच्याने जपून राहावं.

"लगीन झालंय तुजं?" तिने मला विचारलं.

"नाही."

"मग वय्या ठेव आणि बाहेर जा, गो. हिला सांगतंय ता तुज्या कामाचा नाय." पण मला जाऊ दिलं नाही, कारण तिला श्रोते हवे होते. कोणाची आई कशी ओरडली, विठोबादादा स्वतः जन्मताना पायाळू कसा आला आणि तेव्हापासून आडवाच कसा चालतो, हे सगळं तिने सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "व्हाळावरच्या पोरीकडे जातंय मी. सुका पातेरा, पाला गोळा करायच्या निमतान जातंय, मागच्या बाजून. पोर आडवा हाय तिचा. रोज थोडा तेल लावून फिरवायला लागतो. बोलायचा नाय हा कुठे. माज्या चेडवाचा लगीन ठरलाय पुढच्या म्हयन्यात. गावकीन पाय काढला तर मांडवात कुत्रा येणार नाय."

"काकी, नाव कुठेच येणार नाही," सुलभा म्हणाली. तिने ते मनापासून सांगितलं होतं. तिला वाटत होतं हे कागद मुंबईला जातील, तिथे त्यांचे आकडे होतील, आकड्यांचे तक्ते होतील आणि कोणाला काही कळणार नाही.

देवळाचं अंगण

सुलभाचे भरलेले कागद मागवून, वाचून प्राध्यापक एका सकाळी जीप घेऊन आले. त्यांचं एक तत्त्व होतं. गावाकडून घेतलेलं ज्ञान गावाला परत द्यायचं. मला हे तत्त्व ऐकून आनंद झाला होता, हेही सांगते. आमच्या पत्रकांतून आम्ही हेच लिहीत आलो की शहाणे लोक गावाकडून नुसतं घेऊन जातात.

त्यांनी देवळासमोरच्या अंगणात माणसं जमवली. मानकरी पुढे बसले, चाकरमानी त्यांच्या मागे, बायका कडेला पिंपळाच्या पाराशी. जीपमधून एक टोपली काजूच्या बिया आणि चुन्याची पुडी निघाली. मधोमध त्यांनी नारळ ठेवला. "हे देऊळ." एक चिरा ठेवला. "ही विहीर." मग बिया मांडू लागले. एक बी म्हणजे एक घर.

लोकांना मजा वाटू लागली. "अवो सायेब, ह्या घर गडग्याच्या वर हाय!" "माजा घर कुठाय?" "तुजा घर त्या तिकडे, उकिरड्याजवळ!" हसणं, ढकलाढकली. माणसं पुढे येऊन स्वतःच बिया सरकवू लागली. व्हाळ कोणीतरी काटकीने आखला. एकाने तर पाखाडीच्या पायऱ्या करवंटीच्या तुकड्यांनी केल्या. थोड्या वेळात सगळं गाव त्या अंगणात बिनचूक बसलं. गावानेच ते बसवलं.

मी सुलभाकडे पाहिलं. तिच्या तोंडावरचा रंग गेला होता. ती पुढे झाली आणि हळूच म्हणाली, "सर, रेघा नका काढू."

"मी एकही नाव घेत नाहीये, सुलभा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखर माया होती.

त्यांनी चिमटीत चुना घेतला. बाळंतपणाला कोणाला हाक मारता, त्याच्या रेघा आधी. एकेका घरातून एक पांढरी रेघ निघाली आणि सगळ्या एका बीपाशी जाऊन मिळाल्या. लोक पुन्हा हसले. "ही पार्वती! सूर्यासारखी बसलीय!" पार्वतीकाकीही पाराशी हसत होती. आणि मग एक रेघ व्हाळाच्या काठच्या एकट्या बीपासून निघाली आणि तिच्याकडेच आली.

हसणं थांबलं. प्राध्यापकांना वाटलं लोक गुंगून गेले आहेत. त्यांनी दुसरी रेघ काढली, विरजणाची. तिसरी. चौथी. सगळ्या त्या एकट्या बीला जाऊन लागल्या.

"पाहा," ते म्हणाले, "बाहेरून वाटतं की हे घर तुटलेलं आहे. पण जाळं तुटत नाही. माणूस माणसाला सोडत नाही. हे तुमच्या गावाचं सौंदर्य आहे."

विठोबादादा उठले. काठीचं टोक त्यांनी पहिल्या रेघेवर ठेवलं आणि तिच्या कडेकडेने चालत गेले, अगदी सावकाश. रेघ संपली तिथे थांबून पाराकडे पाहिलं. "पार्वते."

"खोटा हाय," काकी म्हणाली. "मी नाय गेलंय."

"आमी बी नाय," आणखी एक आवाज आला. "कोनी सांगितलान? खोटा लिवलाय ह्यांनी."

आता पुढचं ऐका. तिथे गप्प राहणं एवढंच त्या प्राध्यापकाचं काम होतं. 'होय, माझी चूक झाली असेल' एवढं एक वाक्य म्हणाला असता तरी चौघांची सुटका होती. पण त्याचा चेहरा दुखावला. "नाही, नाही," तो म्हणाला, "माहिती पक्की आहे. आम्ही दोनदा तपासली आहे."

सुलभा धावली आणि पायाने रेघा पुसू लागली. चुना सगळा सारवणात पसरला. विठोबादादा म्हणाले, "राहू दे, बाय. आमी वाचला."

माझ्या मनात तेव्हापासून एक गोष्ट जळते आहे. चार घरं होती. पार्वतीकाकी, विरजणवाली, रेडिओवाले म्हातारबा, पोहरा विसरणारा. ही चौघं एकमेकांचं हे गुपित ओळखती तर गावकीला धाक बसला असता. ही ओळख त्यांना देण्यासारखी होती, हळूच, एकेकाच्या कानात. त्या माणसाने ती मानकऱ्यांच्या पुढ्यात, चुन्याने आखून, वर कौतुक करत ठेवली. जाळं कोणाच्या हातात देतो आहोत हा प्रश्न त्याला पडलाच नाही.

दुपारच्या आत बैठक झाली. तिघांनी माफी मागितली. पार्वतीकाकीला देवासमोर नारळावर हात ठेवून सांगावं लागलं की त्या पोरीला पुन्हा हात लावणार नाही. तिने हात ठेवला. तिच्या लेकीचं लग्न होतं. मी तिला दोष देत नाही आणि तुम्हीही देऊ नका.

पोलिसात का गेला नाहीत, असं शहरातले वाचक विचारतील. पोलीस पाटील विठोबादादांचे चुलतभाऊ.

भागीरथीआक्का शाळेपाशी आली. आत आली नाही, लांब उभी राहिली, सवयीने. "सकाळपास्ना कळा येतायत तिला. पार्वती नाय येत म्हणते."

मी जीपकडे धावले. प्राध्यापक बसतच होते. "तिला रत्नागिरीला सरकारी दवाखान्यात न्यायचं आहे. जीप लागेल."

त्यांनी चष्मा पुसला. मला वाटलं, विचार करत आहेत. म्हणाले, "हे बघा, मला वाईट वाटतंय. पण अभ्यासकाने हस्तक्षेप करायचा नसतो. आपण जाळ्यात हात घातला की मग जे दिसतं ते खरं राहत नाही."

मी काय म्हणाले ते छापण्यासारखं नाही. इचलकरंजीचं भांडण त्या वाडीने पहिल्यांदाच ऐकलं. जीप गेली. धूळ बराच वेळ उडत होती.

पाखाडी

एस.टी. दुपारची होती. आम्ही चौघी निघालो. सुमन, तिची सासू, सुलभा आणि मी. भिकाजी पुढे थांब्याकडे गेले होते, बस थांबवून धरायला. एरवी अशा बाईला खुर्चीत बसवून चार गडी वर नेतात. आज गडी नव्हते. पडव्यांमध्ये ते बसले होते, सुटकेसवाले, पँटवाले, आणि आम्ही जवळ आलो की घरात जात होते. दारं लागत होती. एक एक करून, आमच्या पुढे पुढे.

सुमन एकोणीस-वीस वर्षांची असेल. एका पायरीवर ती थांबायची, गडग्याला धरायची, ओठ चावायची आणि "चला" म्हणायची. अर्ध्या वाटेवर काजूच्या सावलीत ती बसली आणि उठली नाही.

"आक्का, आता नाय जमणार," ती म्हणाली.

मी हडबडले. सुलभा रडत होती. आक्का सुनेचं डोकं मांडीवर घेऊन देवाला हाका मारत होती. मला मोर्चा काढता येतो, भाषण करता येतं, रात्रभर जागून पत्रक लिहिता येतं. त्या पायरीवर यातलं काहीही उपयोगाचं नव्हतं.

तेवढ्यात खालून शिव्या ऐकू आल्या. आधी शिव्या, मग पार्वतीकाकी. टोपली काखेत, पदर खोचलेला, मधल्या वाटेने, सगळ्या घरांसमोरून. ती गावकीला शिव्या देत होती, प्राध्यापकाला देत होती, आम्हालाही देत होती. "सरा बाजूला! पोर आडवा हाय म्हटला होता ना! आनि हिला चालवत न्हेताव, भवान्यांनो!"

"काकी, नारळावर हात ठेवलात ना तुम्ही?" सुलभा म्हणाली.

"ठेवलाय. उचलला पन मीच. तू पाय धर तिचा."

भर उन्हात, पाखाडीच्या पायरीवर. आडोसा हवा होता. काकीने मान वर केली आणि समोरच्या बंद दाराकडे बघून ओरडली, "ए, लुगडा टाक बाहेर! तुजी तिन्ही पोरं मीच काढलीयत!" दार उघडलं नाही. काही वेळाने खिडकीतून एक लुगडं बाहेर पडलं आणि खिडकी लागली. आक्का आणि मी ते दोन टोकांना धरून उभ्या राहिलो. लुगड्यामागे काकीचा आवाज एकदम खाली आला, मऊ झाला. ती सुमनच्या पोटाशी बोलत होती. "फिर बाय माजे. फिर. मी हाय हितं."

मुलगी झाली. वर गाडीचा भोंगा वाजत होता. भिकाजींनी कंडक्टरला काय सांगितलं होतं कोण जाणे, तो स्वतः खाली उतरून आला. लांज्याकडचा होता. काही न विचारता त्याने आणि भिकाजींनी हातांची बैठक करून सुमनला वर नेलं. मागचं बाकडं रिकामं केलं गेलं. काकीने नाळ बांधलेली ती मुलगी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "पाडू नको. पत्रक नाय ता."

ती आमच्याबरोबर आली नाही. बस वळताना मी मागे पाहिलं. पाखाडीच्या वरच्या पायरीवर बसून ती पदराने वारा घेत होती. तिच्या आजूबाजूला कोणी नव्हतं.

पुन्हा रत्नागिरी

दवाखान्यात सुमन आणि मुलगी दोघी बऱ्या निघाल्या. झुलेखाभाभी पेज आणि जुन्या कपड्यांचं गाठोडं घेऊन आल्या. न सांगता आल्या. त्यांना कोणी सांगितलं हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापक भेटायला आले. खाली मान घालून बराच वेळ खाटेजवळ उभे होते. मला त्यांची थोडी दया आली. मग ते बाहेर आले आणि हळूच विचारलं, "ते लुगडं कुठल्या घरातून पडलं?"

त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला होता.

सुलभाने तिथल्या तिथे नोकरी सोडली. मी त्यांना सांगितलं की लुगडं आभाळातून पडलं.

रत्नागिरी सोडायच्या आधी मी एकटी त्या थांब्यावर उतरले. पार्वतीकाकीला वाळीत टाकलं होतं. लेकीच्या सासरच्यांनी अजून काही कळवलं नव्हतं. काकी पडवीत फणसाच्या आठळ्या भाजत होती. मला बघून म्हणाली, "आयलंस? बस. आता लपायचा काय नाय." गरम आठळ्या आम्ही दोघींनी मिळून खाल्ल्या. बाहेरून माणसं जात होती आणि एकही मान वळत नव्हती. मी दोन तास बसले. दोन तासांत ही बाई, जी गावात कोणाला बोलू देत नसे, माझ्याशी इतकी बोलली की शेवटी तिचा आवाज बसला.

या वाडीवरचा प्राध्यापकांचा निबंध कुठल्यातरी परिषदेत वाचला जाईल. त्यात नावं नसतील. टाळ्या पडतील. मी त्याला थांबवू शकत नाही. विठोबादादांना माझ्या लिहिण्याने लाज वाटेल असंही मला वाटत नाही. म्हणून मी त्यांच्याकडे काही मागत नाही. तुमच्याकडे मागते.

तुमच्या गावात, तुमच्या वाडीत, तुमच्या आळीत असं एक घर आहे. कोणतं, ते मला सांगू नका. कोणालाच सांगू नका. तुम्ही मुंबईत असाल तर सुट्टीत गावी जाल तेव्हा, गावात असाल तर याच आठवड्यात, त्या घरी जा. मागच्या वाटेने नको, पुढच्या वाटेने, उजेडात. बोलायला काही सुचलं नाही तरी चालेल, नुसते बसा. आणि चपला दाराबाहेर अशा काढा, की रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला त्या दिसतील.